‘होय’ नेमके कोण म्हणाले?

राज्यसभेच्या नियमावलीतील २५२ वा नियम फारसा किचकट नाही. चर्चा संपली की पीठासीन अधिकाऱ्याने प्रस्ताव मतास टाकावा, ‘होय’ आणि ‘नाही’ ऐकून आपला अंदाज सांगावा. त्या अंदाजास आव्हान मिळाले, तर सदस्यांना जागेवर उभे करून मोजावे, नाहीतर मतविभाजन घ्यावे. आव्हान देणारे किती असावेत, अशी अट त्यात नाही.

२० सप्टेंबर २०२० रोजी, कृषी विधेयकांच्या वेळी, या नियमाची कसोटी लागली. विरोधकांनी मतविभाजन मागितले. सदस्य आपापल्या जागेवर नाहीत, असे उपसभापती हरिवंश यांचे म्हणणे पडले. विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली आणि दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. आसनासमोर धिंगाणा घालणाऱ्यांची भलामण करण्याचे कारण नाही. मोजणीचा आपला हक्क त्यांनीच दुबळा केला. पण गोंधळ हेच मोजणी न घेण्याचे कारण ठरू लागले, तर ज्याला मोजणी नको आहे, त्याच्या तो पथ्यावरच पडतो. पुढे २९ नोव्हेंबर २०२१ रोजी हे कायदे मागे घेण्याचे विधेयकही दोन्ही सभागृहांत चर्चेविना, आवाजी मतदानानेच संमत झाले. फाइलवर सही कोणाची, हे पाहिल्यावाचून पाऊल न टाकणाऱ्या या राजधानीत कायद्यावरचे मत मात्र बिननावी चालते!

महाराष्ट्राने याविषयी नाक मुरडण्याचे कारण नाही. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी देवेंद्र फडणवीस यांच्या अल्पमतातील सरकारने विश्वासदर्शक ठराव जिंकला, तो आवाजी मतदानानेच. शिवसेना व काँग्रेसचा मतविभाजनाचा आग्रह मान्य झाला नाही. बाहेरून पाठिंबा जाहीर करणाऱ्या राष्ट्रवादीच्या आमदारांनी प्रत्यक्षात काय केले, याची नोंद त्यामुळे झालीच नाही, आणि ही सोय केवळ सरकारचीच झाली असे म्हणता येत नाही. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० मतांनी पडले होते. तो एका मताचा फरक कोणाच्या कानाला कळला असता?

बहुमत उघड असताना मोजणीत वेळ कशाला दवडायचा, हा युक्तिवाद टिकणारा नाही. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयकावर लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ आणि राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५ अशी मते पडली. दोन्हीकडे बैठक मध्यरात्रीनंतरही चालली, तरी मोजणी झाली. सरकारचे काहीही बिघडले नाही आणि कोण कुठे उभे होते, हे कायमचे नोंदले गेले.

तेव्हा दुरुस्ती करायची तर नियमात एवढीच करावी: मतविभाजनाची मागणी झाली आणि सदस्य जागेवर नसतील, तर बैठक तहकूब करावी, पण ते मत आवाजावर निकालात काढू नये. राज्यांच्या विधिमंडळांनाही हाच दंडक लागू व्हावा. हंगामा करणाऱ्यांवर कारवाई अवश्य करावी, मात्र मोजणी झाल्यावर.