गिझरच्या पोटातला बळीचा बकरा

शिरूरला किंवा कारेगावात वन बीएचके भाड्याने घेताना आपण काय काय बघतो? पार्किंग, मोबाईलची रेंज, कंपनीची बस कुठल्या चौकात थांबते, मेसचा डबा मिळतो का. दौंडला असाल तर स्टेशन किती मिनिटांवर आहे ते, कारण पुण्याची सकाळची गाडी चुकली की दिवस गेला! बाथरूममध्ये डोकावून "गिझर आहे ना?" एवढं विचारलं की झालं. असतो की, पांढराशुभ्र. आणि मग तिसऱ्या-चौथ्या हिवाळ्यात एका सकाळी त्याच्या बुडातून पाणी टपकायला लागतं. मेकॅनिक येतो, टॉर्च मारतो आणि निकाल देतो, "टाकी गेली साहेब. इकडचं पाणीच बेकार."

हे निम्मंच खरं आहे, मंडळी. गिझरला दोन वेगवेगळी मरणं येतात आणि आपण दोन्हींची पावती एकाच पाण्याच्या नावाने फाडतो.

पहिलं मरण क्षारांचं. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. खाली काळा बेसॉल्ट. त्याच्या भेगांमधून मुरत आलेलं पाणी वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतं. ते तापलं की क्षार सुटे होतात आणि कॉइलवर पांढरी खरपुडी धरते. पाणी जितकं जास्त तापवाल तितकी ती भराभर वाढते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा तुमच्या बोअरला ६०० आहे आणि घरात रोज ६० लिटर पाणी तापतं. म्हणजे दिवसाला ३६ ग्रॅम क्षार गिझरमधून जातात, वर्षाला तेरा किलोंच्या वर! त्यातला विसावा भाग जरी आत बसला तरी साडेसहाशे ग्रॅम. हा थर कॉइलभोवती स्वेटरसारखा बसतो, उष्णता पाण्यात जाऊ देत नाही, कॉइल आतल्या आत भाजते आणि एक दिवस उडते. गिझरमधून खदखद, टकटक असे आवाज येतात ना, ते याचेच.

पण कॉइल बदलता येते. टाकी नाही. आणि टाकी मरते ती गंजाने.

बहुतेक स्टोरेज गिझरची टाकी लोखंडी पत्र्याची असते आणि आतून काचेसारख्या एनॅमलचा लेप असतो. जाहिरातीत तो लेप झळकतो. मात्र कुठलाच लेप शंभर टक्के अखंड नसतो, सांध्यापाशी, कडेला कुठेतरी टाचणीएवढी उघडी जागा राहतेच. तिथे लोखंड, पाणी आणि पाण्यातला ऑक्सिजन भेटले की गंज सुरू. म्हणून टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड सोडलेला असतो, अ‍ॅनोड रॉड. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा जास्त उतावळं, त्यामुळे लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं. अक्षरशः बळीचा बकरा! आयडिया नवी नाही. १८२४ मध्ये सर हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश युद्धनौकांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडून पाहिले होते, तोच हा फंडा.

गोची अशी, की बकरा संपला की पुढचा नंबर टाकीचा. आणि बोअरच्या पाण्यात क्लोराइड वगैरे क्षार जास्त असले की पाण्यातून वीज सहज वाहते, रॉड झपाट्याने झिजतो. नळाच्या गोड पाण्यावर काही वर्षं टिकणारा रॉड इथे वर्ष-दीड वर्षात नुसती तार होऊन बसू शकतो. नवा काही शे रुपयांत मिळतो. टाकी गेली की काही हजारांचा अख्खा गिझर. हा हिशेब इतका सोपा असूनही आपण रॉडचं नावही ऐकलेलं नसतं, कारण विकणारा सांगत नाही आणि वॉरंटी कार्ड आपण वाचत नाही. तिथे बारीक अक्षरात अनेकदा छापलेलं असतं, की जड पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत नाही, किंवा रॉड वेळेवर बदलला तरच टाकीची हमी.

आता कुणी म्हणेल, आजीचा तांब्याचा बंब कसा चाळीस वर्षं टिकला? एक तर तांबं लोखंडासारखं गंजत नाही. बंबात दाबही नसतो, वरून थंड ओता, तोटीतून गरम घ्या. आणि मुख्य म्हणजे तो उघडून आत हात घालता यायचा. खार धरला की चिंच लावून घासायचा, भोक पडलं की पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीसारख्या ठिकाणी नेऊन डाग द्यायचा. गिझर सीलबंद, भिंतीवर उंच. दिसतच नाही तर घासणार काय?

गंमत म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या घरांमध्येही असंच रडगाणं ऐकू येतं. तिथे तळघरातल्या बॉयलरची वाफ रेडिएटरमध्ये फिरते, थंड होऊन पाणी बनते आणि परत येते. तेच तेच पाणी फिरत राहिलं तर त्यातला ऑक्सिजन निघून जातो आणि बॉयलर अनेक दशकं चालतो. कुठे गळती झाली आणि रोज नवं पाणी भरावं लागलं, की त्याबरोबर नवा ऑक्सिजन येतो आणि पाण्याच्या पातळीलगतचं लोखंड सडायला लागतं. आपल्या गिझरमध्ये तर रोजच, प्रत्येक आंघोळीला नवं पाणी!

रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. कारखान्यातल्या बॉयलरचं पाणी आधी मऊ करतात, ऑक्सिजन काढतात, तळचा गाळ वेळोवेळी सोडून देतात. दौंड जंक्शनला वाफेची इंजिनं होती त्या काळातही बॉयलर थंड करून आतून धुण्याचे दिवस ठरलेले असायचे. शिवाय सरकारी तपासणी आणि सर्टिफिकेट. पूर्वी हे १९२३ च्या कायद्याने चालायचं, १ मे २०२५ पासून नवा बॉयलर कायदा लागू झाला. पण १०० अंशांखाली पाणी तापवणारं भांडं त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणजे दिवसभर ज्याची फाइल आपण सांभाळतो तो बॉयलर तपासलेला, आणि डोक्यावर टांगलेला गिझर रामभरोसे.

तेव्हा हिवाळ्याआधी एकदा मेकॅनिकला बोलावून टाकी रिकामी करून घ्या. रॉड समोर काढायला सांगा. आतली तार दिसायला लागली असेल तर बदला, सोबत गॅस्केटही नवं. तारीख मार्करने गिझरवरच लिहून ठेवा. थर्मोस्टॅट ६० च्या आसपास ठेवा, ७५ वर तापवून मग बादलीत थंड मिसळण्यात काय हशील? थंड पाणी स्वच्छ आणि गरम पाणी मात्र तांबूस येत असेल, तर गंज टाकीत लागलाय. वरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना दोन थेंब पडले तर ते नॉर्मल आहे, पाणी प्रसरण पावतं. तिथे डाट मारू नका. थर्मोस्टॅट अडकला आणि हा व्हॉल्व्ह बंद असला तर टाकी फुटू शकते. नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या तर आधी मेन स्विच, मग बाकीचं.

सॉफ्टनर लावावा का? कॉइल वाचेल. पण तो कॅल्शियम काढून सोडियम देतो, क्षार कमी करत नाही, त्यामुळे रॉड झिजायचा थांबत नाही, उलट जोरात झिजू शकतो. आणि आरओवाल्याच्या टीडीएस मीटरवर भुलू नका. तो एकूण विरघळलेले क्षार सांगतो, कठीणपणा नाही. त्यासाठी थेंब टाकून मोजायचं किट घ्या किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. शेजारच्या बिल्डिंगच्या रिपोर्टवर जाऊ नका, प्रत्येक बोअरचं पाणी वेगळं निघतं.

राहिला प्रश्न पैसे कोणी द्यायचे याचा. घरमालक म्हणणार तुम्ही वापरला, तुम्ही म्हणणार गिझर त्यांचा. अकरा महिन्यांचा करार करतानाच एक ओळ घालून घ्या: वर्षातून एकदा गिझरची तपासणी, रॉडचा खर्च अमुक देणार. आणि चावी घेताना विचारा, शेवटचा रॉड कधी बदलला? घरमालक "कसला रॉड?" म्हणाले, तर डिपॉझिट देण्याआधीच मेकॅनिकला फोन लावा.