मोजले ते मिळाले पाहिजे

२०२१ साली ‘इम्पिरिकल डेटा’ हा शब्द मंत्रालयातून थेट गावच्या पारावर येऊन बसला. त्या वर्षी ४ मार्च रोजी विकास गवळी प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, स्थानिक स्वराज्य संस्थांत इतर मागासवर्गीयांना आरक्षण द्यायचे तर त्यामागे समर्पित आयोगाने गोळा केलेली आकडेवारी हवी. राज्य सरकारने २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात पाहणीची जातवार माहिती केंद्राकडे मागितली. ही माहिती चुकांनी भरलेली असल्याचे केंद्राने न्यायालयात सांगितले. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. या पाहणीत जातींच्या नावांचा आकडा ४६ लाखांवर गेला होता. १५ डिसेंबर २०२१ रोजी राज्याची मागणी फेटाळली गेली. मग स्वतःची आकडेवारी उभी करण्याची धावपळ झाली आणि आडनावावरून जात ओळखण्याच्या पद्धतीवर टीकेची झोड उठली. या वादाची आणि प्रभागरचनेच्या वादाची मिळून किंमत मुंबई-पुण्यासह अनेक शहरांनी मोजली. २०२२ पासून तिथे नगरसेवकांऐवजी प्रशासकांचा कारभार कित्येक वर्षे चालला. उपयोगी पडेल अशी आकडेवारी हाताशी नसली म्हणजे लोकशाही कशी खोळंबते, हे महाराष्ट्राने असे अनुभवले आहे.

म्हणून सरकारी आकडेवारी संशोधकांना कशी आणि किती सहज मिळते, हा प्रश्न विद्यापीठांच्या आवारात सोडून देण्याजोगा नाही. ही आकडेवारी लोकांच्या पैशातून आणि लोकांनी दिलेल्या वेळेतून गोळा होते. २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीत देशातील २ लाख ६१ हजारांहून अधिक कुटुंबांनी तीन वेगवेगळ्या महिन्यांत तीनदा आलेल्या प्रगणकाला घरातल्या तेलमिठापासून औषधपाण्यापर्यंतचा हिशेब सांगितला. त्यासाठी कोणी मजुरी बुडवली असेल, कोणी चूल थांबवली असेल. सांगितलेले वाया जाणार नाही, हा त्यांचा विश्वास असतो. आकडे कपाटात पडून राहिले, तर त्या विश्वासाशीच आपण बेइमानी करतो.

आकडेवारी सरकारबाहेरच्या अभ्यासकाच्या हाती पडली की काय घडते, याचे देशातले सर्वात ठळक उदाहरण पुण्याचे आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या परंपरेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा पाया राष्ट्रीय नमुना पाहणीच्या खर्चविषयक आकड्यांचा होता. माणसाला रोज २,२५० उष्मांक मिळण्यासाठी किती खर्च करावा लागतो, हे त्यांनी काढले आणि १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के, तर शहरी भागातील सुमारे ५० टक्के लोक त्या पातळीच्या खाली होते, असे दाखवून दिले. गरिबी किती, या वादाला तेव्हापासून मोजपट्टी मिळाली. उपाय म्हणून त्यांनी ग्रामीण रोजगाराच्या कामांचा आग्रह धरला. पुढे १९८३ मध्ये याच दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती नेमली गेली. रस्ते, सिंचन, आरोग्य, शिक्षण अशा क्षेत्रांत जिल्ह्यांची राज्याच्या सरासरीशी तुलना करून समितीने ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. विदर्भ आणि मराठवाड्याच्या गाऱ्हाण्याला त्यामुळे आकड्यांचा आधार मिळाला. त्या आकड्यावर मतभेद झाले, आजही आहेत. पण वाद घालायला आकडा तरी होता.

आजच्या विद्यार्थ्याला दांडेकरांच्या काळापेक्षा पुष्कळ काही उपलब्ध आहे, हे मान्य केलेच पाहिजे. नमुना पाहण्यांची कुटुंबागणिक माहिती केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य मिळते. श्रमबल पाहणीचे आकडे २०२५ पासून दरमहा येऊ लागले आहेत. त्या वर्षीच्या जानेवारीपासून नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरला जात आहे. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ६ लाख ३६ हजारांहून अधिक कुटुंबांची माहिती आहे. तीही अभ्यासाचा हेतू कळवून मिळवता येते. नंदुरबारच्या मुलांचे कुपोषण किंवा बीडमधील बालविवाह अभ्यासू पाहणाऱ्याला घरबसल्या एवढे साहित्य मिळणे ही मोठीच गोष्ट आहे.

अडचण सुरू होते ती त्यानंतर. उतरवून घेतलेली फाईल उघडावी, तर समोर सलग आकड्यांच्या हजारो ओळी येतात. कोणत्या स्थानावरचा आकडा कशाचा, हे वेगळ्या आराखड्यात शोधावे लागते. नमुन्यातले प्रत्येक कुटुंब किती कुटुंबांचे प्रतिनिधित्व करते, ते सांगणारा गुणक लावला नाही, तर निघालेला निष्कर्ष साफ चुकतो. राज्यासाठी घेतलेल्या नमुन्यातून तालुक्याचा आकडा काढण्याचा मोह तर अनेक प्रबंधांना बुडवतो. हे सारे शिकावे लागते. आपल्या किती महाविद्यालयांत ते शिकवले जाते? सामाजिक शास्त्रांत पदव्युत्तर शिक्षण घेणारी कितीतरी मुले पन्नास-शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घेतात आणि तिच्यावर प्रबंध उभा करतात, कारण लाखो कुटुंबांची माहिती आपल्यासाठीही खुली आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

दुसरी अडचण व्याख्यांची. शेतकरी आत्महत्यांचे उदाहरण घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा पोलिसांच्या नोंदीतल्या व्यवसायावरून येतो. महसूल विभागाचा आकडा मदतीसाठी होणाऱ्या चौकशीतून येतो आणि नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा हे निकष लावून प्रकरणे ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी विभागली जातात. दोन्ही आकडे सरकारीच, पण मोजलेली गोष्ट वेगळी. प्रत्येक तक्त्यासोबत व्याख्या, पद्धत आणि मर्यादा लिहिलेल्या नसतील, तर सभागृहात ज्याला जो आकडा सोयीचा, तो तोच उचलतो. भांडण मग मेलेल्या माणसांच्या संख्येवर होते आणि त्यांच्या मरणाची कारणे बाजूला पडतात.

तिसरी आणि सर्वात गंभीर अडचण म्हणजे न आलेली आकडेवारी. २०१७-१८ ची उपभोग खर्च पाहणी पूर्ण झाली होती. पण आकड्यांच्या दर्जाचे कारण देऊन नोव्हेंबर २०१९ मध्ये ती प्रसिद्ध न करण्याचा निर्णय झाला. परिणामी २०११-१२ नंतर थेट २०२२-२३ पर्यंत देशाकडे उपभोग खर्चाचा अधिकृत आकडा नव्हता. आकडे सदोष असतील, तर ते दोषांच्या यादीसह अभ्यासकांपुढे ठेवायला हवे होते. दोष कोणता आणि किती, हे तपासण्याचा तोच मार्ग आहे. दुसरीकडे, १८८१ पासून दर दहा वर्षांनी न चुकता झालेली जनगणना २०२१ मध्ये महासाथीमुळे टळली आणि पुढे लांबतच गेली. आता तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. दरम्यान, अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थ्यांची सुमारे ८१ कोटींची मर्यादा २०११ च्या लोकसंख्येवरच बेतलेली राहिली. वाढलेली लोकसंख्या धरली, तर दहा कोटींहून अधिक लोक स्वस्त धान्याबाहेर राहतात, असा अंदाज अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रितिका खेरा यांनी २०२० मध्येच मांडला होता. एका आकड्याला उशीर झाला की त्याचा भुर्दंड असा रेशनच्या रांगेपर्यंत पोहोचतो.

महाराष्ट्रानेही आपल्याकडे पाहायला हवे. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाआधी आर्थिक पाहणी देते, जिल्ह्यांचे सामाजिक व आर्थिक समालोचन काढते आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या जोडीने राज्याचा स्वतंत्र नमुनाही घेते. हे काम मोलाचे आहे. पण छापील पानाचे चित्र काढून संकेतस्थळावर टाकले, की ती आकडेवारी खुली झाली असे होत नाही. त्यावर बेरीज करता येत नाही, तुलना करता येत नाही. तक्ते यंत्राला वाचता येतील अशा स्वरूपात हवेत, सोबत मराठीतले टिपण हवे आणि राज्याच्या नमुन्याची कुटुंबस्तरीय माहिती केंद्राच्या माहितीइतक्याच सहजपणे मिळायला हवी. माहिती अधिकाराचा कायदा देशाच्या आधी करणाऱ्या राज्याकडून एवढी अपेक्षा रास्तच आहे.

माणसांची खासगी माहिती उघडी पडेल, हा आक्षेप नेहमी येतो आणि तो खराही आहे. जनगणना कायदा आणि २००८ चा सांख्यिकी संकलन कायदा व्यक्तीच्या माहितीला संरक्षण देतात. ते तसूभरही ढिले होता कामा नये. पण नाव, पत्ता, गाव वगळून माहिती देण्याची रीत आपल्याकडे अनेक दशके रुळलेली आहे. खासगीपणाचे कारण पुढे करून एकत्रित आकडेही दडवणे म्हणजे कायद्याने नागरिकाला दिलेली ढाल खात्याने आपल्यासाठी वापरणे.

करायचे काय, हे फारसे अवघड नाही. प्रत्येक पाहणीच्या प्रकाशनाची तारीख आधीच जाहीर करून ती पाळावी. ती बदलण्याचा अधिकार मंत्र्याकडे नसावा, सांख्यिकी यंत्रणेकडे असावा. राज्याच्या सर्व खात्यांच्या माहितीसाठी एकच अभिलेखागार उभारावे आणि त्यात जुन्या पाहण्याही जपाव्यात. भारताच्या जुन्या श्रम पाहण्यांचे नीट लावलेले संच अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संग्रहात मिळतात. ते काम आपल्या विद्यापीठांच्याही आवाक्यातले आहे. प्रत्येक विद्यापीठाने सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासक्रमात या पाहण्या वापरण्याचे शिक्षण सक्तीचे करावे आणि ग्रंथपालांना त्यासाठी तयार करावे. येत्या जनगणनेत जातींचीही मोजणी होणार आहे. २०११ च्या पाहणीचे जे झाले, ते तिचे होऊ नये यासाठी जातींची नोंद कशी करणार, वर्गीकरण कोण करणार आणि तक्ते कधी देणार, हे सरकारने प्रगणक दारात येण्यापूर्वी सांगावे. ज्याने आपल्या घराचा हिशेब देशाला दिला, त्याला देशाचा हिशेब मागण्याचा हक्क आहे.