पडद्यावर आपण, हॉलमध्ये कोण?

माझा मामेभाऊ जबलपूरचा. आजोबा नागपूरकडून गन कॅरेज फॅक्टरीत कामाला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. पदवीनंतर सिनेमा शिकणारा तो घरातला पहिलाच. यंदा तो पहिल्यांदा एका मोठ्या चित्रपट महोत्सवाला जाऊन आला. तिकीट, पास आणि चार दिवसांचं खाणं मिळून सहा हजार गेले. त्यातले चार हजार मामीनं भिशीतून उचलले.

तिसऱ्या दिवशी गटार साफ करणाऱ्या एका माणसावरचा चित्रपट होता. संपल्यावर अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. मग प्रश्नोत्तरं, सगळी इंग्रजीत. लेन्स कोणती, उजेड कुठून घेतला. यानं हिंदीत विचारलं, ज्या वस्तीत शूटिंग केलंत, तिथलं कोणी तुमच्या टीममध्ये होतं का? सूत्रसंचालक हसून म्हणाले, आपण कलेबद्दल बोलू या. माईक पुढे गेला. नंतर चहाच्या रांगेत एकानं अगदी आपुलकीनं विचारलं, "पूरा नाम क्या है?" या प्रश्नाचा अर्थ आपल्यापैकी कुणाला समजावून सांगायला नको.

रात्री फोनवर म्हणाला, "ताई, माझा प्रश्न चुकीचा होता का गं?"

प्रश्न चुकीचा नव्हता. तो तिथे विचारला जाणं अपेक्षित नव्हतं, एवढंच. महोत्सवांना जातीचं वावडं नाही, पडद्यावर तर ती हवीच असते. ‘फँड्री’, ‘कोर्ट’, ‘सैराट’ देशाबाहेरच्या महोत्सवांत गाजले, आणि त्याचा मला आनंदच आहे. अहमदनगरच्या कॉलेजात संज्ञापन शिकलेल्या नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ २०१६ च्या फेब्रुवारीत बर्लिनला दाखवला गेला, आपल्या थिएटरांत एप्रिलमध्ये आला. पण एका मंजुळेंचं नाव पुढे करून "बघा, दार उघडंच आहे" म्हणणं ही जुनी चलाखी आहे. दार उघडं असेलही. दारापर्यंतचं भाडं कोण देतं? आत गेल्यावर कोणत्या भाषेत बोलायचं, हे कोण ठरवतं? आमच्या विभागात याला ‘सांस्कृतिक भांडवल’ म्हणतात आणि बोर्द्यूचं नाव निघालं की सगळे माना डोलावतात. चहाच्या रांगेतल्या त्या प्रश्नावर मात्र कुणी पेपर लिहीत नाही.

आपल्यातलेही काही म्हणतात, हवंय कशाला ते? मोबाईलवर सगळं मिळतं. मला हे पटत नाही. १९५२ साली भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला आणि तिथून मद्रास, दिल्ली, कलकत्त्याला गेला. त्यात डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ज’ बिमल रॉय यांनी पाहिला, आणि पुढच्याच वर्षी त्यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. म्हणजे महोत्सव ही चैन नाही, तो सिनेमाच्या शिक्षणाचा भाग आहे. तिथे माणसं भेटतात, कामं ठरतात, पुढच्या चित्रपटाला पैसा कुठून येईल ते कळतं. मोबाईलवर यातलं काय मिळतं? आणि तेव्हा शहरोशहरी फिरलेला तो महोत्सव २००४ पासून कायमचा गोव्यात आहे. जबलपूरहून मुंबईला रेल्वे १८७० पासून आहे. महोत्सवाला मात्र उलट्या दिशेनं यायला अजून गाडी मिळालेली नाही.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या जुन्या नियमांत अभ्याससहलीसाठी वर्षाला जास्तीत जास्त १६०० रुपये होते. शिष्यवृत्ती कुणाला, तर ज्यांचं कौटुंबिक उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत आहे त्यांना. अशा घरातल्या पोरानं सहा हजार कुठून आणायचे? सिनेमा शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेनं वर्षातून एक महोत्सव अभ्यासक्रमात धरावा आणि शिष्यवृत्तीधारकांचा पूर्ण खर्च स्वतः उचलावा. महोत्सवांनी प्रश्नोत्तरांना दुभाषी ठेवावा. निवड समितीत आपली माणसं किती, हे जाहीर करावं. कुणी याला भीक म्हणत असेल तर म्हणू दे. सरकारी मदतीवर चालणारे महोत्सव आपल्याही कराच्या पैशावर चालतात.

भावानं संस्थेला द्यायचा अर्ज लिहून काल मला तपासायला पाठवला. हिंदी त्याची माझ्यापेक्षा चांगली आहे, दुरुस्त करण्यासारखं फार नव्हतं. खर्चाच्या तपशिलात तिकीट, पास, जेवण आणि शेवटी ‘आईच्या भिशीचा हप्ता’ असं लिहिलंय. हे काढू का, असं त्यानं विचारलं होतं. मी म्हटलं, राहू दे.