नाकी नऊ येण्याआधी

मराठी माणसानं नाकाइतकं दुसऱ्या कुठल्याच अवयवाला राबवून घेतलेलं नाही. राग नाकावर, यश नाकावर टिच्चून, कांदे सोलायचे तेही नाकानं आणि घराण्याची अब्रू गेली की कापलं जातं तेही नाकच. सुंदर मुलीचं वर्णन ‘चाफेकळी नाक’ आल्याशिवाय पूर्ण होत नाही आणि नकटीच्या लग्नाला तर आपण थेट सतराशे विघ्नं बहाल करून ठेवली आहेत. एवढं सगळं ऐकत मोठं झाल्यावर एखाद्याला आरशात आधी नाकच दिसलं, तर त्याचं काय चुकलं?

त्यात आता ते बदलून मिळतं. ऱ्हायनोप्लास्टी किंवा सरळ ‘नोझ जॉब’ हा शब्द ऑफिसच्या कॅण्टीनमध्येही दबक्या आवाजात बोलला जात नाही. आणि कोणी ‘हे पाश्चात्त्यांचं खूळ’ म्हणून नाक मुरडलं तर त्यांना सांगा, नवीन नाक बसवण्याची विद्या आपल्याकडचीच. गालाच्या कातडीनं नाक कसं तयार करायचं ते सुश्रुतसंहितेत लिहिलेलं आहे. कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याचं नाक टिपू सुलतानाच्या कैदेत कापलं गेलं होतं. पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या कारागिरानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं. १७९४ साली ही हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आली आणि १८१४ मध्ये कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जननं तिच्याच आधारे तिथे शस्त्रक्रिया केली.

फरक एवढाच, की कावसजीला नाक नव्हतं. आपल्याला आहे, चांगलं चालणारं आहे. म्हणूनच त्याला हात लावण्याआधी विचार जास्त करायला हवा. गेल्या काही महिन्यांत एका मैत्रिणीसोबत मी सर्जनच्या वेटिंग रूममध्ये बऱ्याच दुपारी काढल्या, भरपूर प्रश्न विचारले. त्यातून जे हाती लागलं ते हे. मोजून नऊ मुद्दे.

१. नाक हा शो-पीस नाही

नाकाचा वरचा भाग हाडाचा, खालचा कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागासारखा लवचिक. आत मधोमध एक पडदा. बाहेरून दिसणारा आकार याच तंबूच्या काठ्यांवर उभा असतो आणि श्वासही याच तंबूतून जातो. काठ्या जास्त कापल्या की तंबू बसतो. नाक बाहेरून नाजूक दिसतं, पण जोरात श्वास घेतला की आतून मिटतं. त्यामुळे पहिल्या भेटीत डॉक्टर नाकाच्या आत न डोकावता फक्त बाहेरून फोटो काढत असतील, तर तिथेच सावध व्हा.

आपल्याकडे ‘नाकाचं हाड वाढलंय’ असं सर्रास म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा हा मधला पडदा वाकडा असतो. तो सरळ करणं ही वेगळी शस्त्रक्रिया, सेप्टोप्लास्टी. दोन्ही एकाच वेळी करता येतात. नाकाला आधार द्यायला लागणारी कूर्चा बऱ्याचदा याच पडद्यातून घेतात. म्हणून पडदा सरळ करून घेताना ‘पुढे कधी आकारही बदलायचा विचार आहे’ हे डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.

२. आधी फोटो तपासा, मग नाक

सेल्फीत नाक मोठं दिसतं, कारण कॅमेरा नाकाच्या अगदी जवळ असतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी याचं गणित मांडलं. साधारण फूटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाकाचा तळ पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतो. म्हणजे ज्या नाकाचं तुम्हाला टेन्शन आलंय ते कदाचित तुमचं नाहीच, मोबाइलचं आहे. मित्राला पाच-सहा फुटांवर उभं करा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून घ्या आणि मग ठरवा.

३. नक्की कोणासाठी?

माझी मैत्रीण अठ्ठावीसची. नाकावर मधोमध छान उंचवटा आहे. बाबांकडून आलेला, आत्याकडेही आहे. इतकी वर्षं तिची काही तक्रार नव्हती. मग एका स्थळाकडून मध्यस्थामार्फत निरोप आला, ‘मुलगी छान आहे, पण नाक जरा...’ त्या ‘जरा’नंतरच्या तीन टिंबांनी तिची झोप घालवली. तीन आठवड्यांनी दुसऱ्या स्थळाकडची मंडळी येणार होती आणि तिला नाक त्याआधी हवं होतं.

सर्जननं तिला एकच प्रश्न विचारला. ‘आरशात बघताना त्रास होतो, की कोणी बघतंय असं वाटल्यावर?’ ती बराच वेळ गप्प बसली. वाद घालण्यात एरवी ऑफिसभर जिचा हात कोणी धरत नाही, ती.

दोन्ही उत्तरं चालू शकतात, पण ती वेगवेगळी आहेत. लहानपणापासून एखादी गोष्ट खुपत असेल, नेमकं काय बदलायचं ते सांगता येत असेल आणि बदललं नाही तरी आयुष्य थांबणार नसेल, अशी माणसं या ऑपरेशननंतर बहुधा खूश असतात. ब्रेकअप झालाय, नोकरी गेलीय, कोणीतरी नाकारलंय, अशा वेळी मात्र थांबा. आणि इतरांना जेमतेम दिसणाऱ्या खोटीपायी कोणी तासन्‌तास आरशासमोर उभं राहत असेल, लोकांत जाणं टाळत असेल, तर तो बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर असू शकतो. त्याचे उपचार मानसोपचारतज्ज्ञाकडे आहेत. ऑपरेशननं तो बरा होत नाही, नंतर नजर फक्त दुसऱ्या जागी जाऊन बसते.

४. सुरी कोणाच्या हातात?

‘कॉस्मेटिक सर्जन’ अशी पाटी लावलेली दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, पाटीखालच्या डिग्य्रा वाचा. प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी, किंवा एमएस ईएनटी करून फेशियल प्लास्टिकचं प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे त्यांची नोंदणी आहे का, तेही बघा. मग संकोच न करता विचारा. ‘वर्षाला अशी किती नाकं करता? माझ्यासारख्या नाकाचे आधीचे आणि एका वर्षानंतरचे फोटो दाखवाल का? भूल कोण देणार? काही झालं तर इथे आयसीयू आहे का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला तर तेही उत्तरच समजा. आणि दोन ठिकाणी दाखवल्याशिवाय ठरवू नका. फ्लॅट घेताना आपण वीस साइट्स पालथ्या घालतो, हे तर राहतं नाक आहे.

५. कम्प्युटरवरचं नाक म्हणजे वचन नव्हे

हल्ली स्क्रीनवर तुमचाच फोटो घेऊन ‘नंतरचं’ नाक दाखवतात. दोघांच्या डोक्यात एकच चित्र आहे ना, हे कळायला ते फार उपयोगी. पण माऊस कातडी कापत नाही. आपल्याकडे अनेकांच्या नाकाच्या शेंड्याची त्वचा जाड असते. आतली कूर्चा कितीही कोरली तरी वरची जाड चादर तो आकार पूर्ण दाखवत नाही. त्यामुळे अमुक हिरॉइनचं नाक घेऊन जाऊ नका. ‘हा उंचवटा कमी हवा’, ‘शेंडा खाली पडतो तो उचलायचाय’ असं बोला.

टाके दिसतील का, हा पुढचा प्रश्न. ‘क्लोज्ड’ पद्धतीत सगळे छेद नाकपुड्यांच्या आत असतात. ‘ओपन’मध्ये दोन नाकपुड्यांच्या मधल्या पट्टीवर एक बारीक छेद बाहेर येतो, जो सहसा पुसट होत जातो. कुठली पद्धत ते तुमच्या नाकावर ठरतं, फॅशनवर नाही.

६. खिशाचं गणित

‘पॅकेज’ सांगितलं की त्यात काय काय आहे ते कागदावर मागा. सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटर, रूम, औषधं, नंतरच्या भेटी. आणि कळीचा प्रश्न, दुरुस्ती करावी लागली तर पैसे कोण देणार? निव्वळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही आणि तिच्यावर जीएसटीही लागतो. अपघातानंतर नाक पूर्ववत करणं किंवा श्वासासाठी पडदा सरळ करणं वेगळं. तिथे पॉलिसीच्या अटींप्रमाणे क्लेम होऊ शकतो. दोन्ही एकत्र करणार असाल तर बिलं वेगळी हवीत. एचआरला विचारण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा.

७. रजा किती टाकू?

ऑपरेशन बहुतेक वेळा पूर्ण भूल देऊनच होतं. आधी काही आठवडे आणि नंतरही सिगरेट बंद, टपरीवरची ‘अर्धी अर्धी’सुद्धा. निकोटिननं रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम रेंगाळते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अ‍ॅस्पिरिन, काही पेनकिलर्स आणि ‘नैसर्गिकच तर आहे’ म्हणून घेतलेली काढे-चूर्णं, सगळं डॉक्टरांना सांगा.

पहिला आठवडा नाकावर साधारण सात दिवस स्प्लिंट, डोळ्यांखाली काळं-निळं, नाक चोंदलेलं, उशा रचून झोप. दोन आठवड्यांत बहुतेकांची काळसर झाक जाते आणि ऑफिसला जाता येतं. नाक शिंकरायचं मात्र डॉक्टर सांगेपर्यंत नाही आणि शिंक आली तर तोंड उघडून. चष्मा काही आठवडे नाकावर टेकवायचा नाही, चष्मेवाल्यांनी याची सोय आधीच करावी. तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट, लोकलमधली कोपरं, जिम, क्रिकेट या सगळ्यांपासून जपायचं. चमकी आधी काढायची. नंतर ती घालणं किंवा मंगळागौरीला प्रेसची नथ चिमटून बसवणं डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

आणि मुख्य म्हणजे सूज. बरीचशी पहिल्या दोन-तीन महिन्यांत उतरते, पण शेंड्यावरची जायला वर्ष लागतं, जाड त्वचेला त्याहूनही जास्त. तीन आठवड्यांनी पाहुणे येणार हे ऐकून सर्जन माझ्या मैत्रिणीला म्हणाला, ‘तेव्हा ते जे नाक बघतील ते तुमचंही नसेल आणि माझंही नसेल.’ त्यानं त्या तारखेआधी ऑपरेशन करायला साफ नकार दिला. मला विचाराल तर त्या दिवशीची फी तिथेच वसूल झाली. लग्न, साखरपुडा, परदेशवारी ठरली असेल तर मागे वर्षभर मोजा आणि मग तारीख घ्या.

८. बिघडू शकतं का?

हो. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, भुलीचा त्रास, शेंड्याला अनेक आठवडे बधिरपणा, दोन बाजू थोड्या असमान, श्वासाला अडथळा. बहुतेकांचं सगळं नीट होतं, पण साधारण शंभरातल्या पाच ते पंधरा जणांना पुन्हा टेबलावर जावं लागतं. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं. आत व्रण तयार झालेले असतात, पडद्यातली कूर्चा वापरून संपलेली असते, मग ती कानातून किंवा बरगडीतून घ्यावी लागते. आणि त्यासाठीही सहसा वर्षभर थांबायचं असतं. ते वर्ष तुम्ही त्या नाकासोबत काढू शकाल का, हे पहिल्या ऑपरेशनआधी स्वतःला विचारा.

९. लंच अवरमधलं नाक

‘कापाकापी नको, पंधरा मिनिटांत इंजेक्शन’ ही जाहिरात तुम्ही पाहिली असेल. फिलर भरून खड्डा किंवा उंचवटा झाकता येतो, पण फिलर भर घालतो, नाक लहान करत नाही. परिणाम कायमचाही नसतो. आणि हे ब्यूटी पार्लरमध्ये करायचं काम मुळीच नाही. नाकावरच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर कातडी मरू शकते, दृष्टी जाऊ शकते. असं क्वचित होतं, पण गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. इंजेक्शन देणाऱ्याला ‘असं झालंच तर तुमच्याकडे लगेच द्यायला काय आहे?’ एवढं तरी नक्की विचारा.

झाले नऊ. मैत्रिणीचं काय झालं, असं विचाराल. तपासणीत तिचा पडदा वाकडा निघाला. डाव्या नाकपुडीतून ती श्वास घेतच नव्हती, वर्षानुवर्षं तोंड उघडं टाकून झोपायची आणि घरच्यांना वाटायचं सवय आहे. श्वासाचं ऑपरेशन करायचं तिनं ठरवलंय. उंचवट्याचं अजून ठरत नाहीये आणि डॉक्टरांनीही घाई केलेली नाही. आईला मात्र तिनं सांगून टाकलं, की यापुढे माझ्या नाकाचे निरोप मध्यस्थामार्फत येणार नाहीत.

उद्या तिनं तो उंचवटा काढला तर मी तिच्यासोबत जाईन. नाही काढला तरी मला तो आवडतोच. ऑपरेशन करणं हा काही गुन्हा नाही आणि न करणं हेही काही शौर्य नाही. लोकांचं काय, ते जुन्या नाकालाही नाक मुरडतात आणि नव्यालाही. त्यांना मुरडू दे. आपलं कापून घ्यायचं की नाही, ते आपण शुद्धीवर असताना ठरवावं. भूल नंतर मिळतेच.