टेबल बघा, उत्तर लिहा!

मशीन डिझाईनच्या पेपरात जर्नल बेअरिंगचा प्रश्न हमखास येतो. आपण काय करतो? सॉमरफेल्ड नंबर काढतो, रायमोंडी-बॉइडचं टेबल उघडतो, इंटरपोलेशन करतो, ऑइल फिल्मची जाडी लिहितो आणि मार्क घेतो. मीही घेतले. ते टेबल आलं कुठून, हे मला कुणी विचारलं नाही.

विचारलं ते आजोबांनी. ते इगतपुरीला रेल्वेत फिटर होते. सुट्टीत मी ‘हायड्रोडायनॅमिक लुब्रिकेशन’ पाठ करत होते. मी पडले कॉन्व्हेंटची, मराठीत कसं सांगायचं कळेना. तेच म्हणाले, "वंगण म्हण ना! पण सांग, जुन्या डब्यांत आसावर बेअरिंग आणि त्यावर अख्खा डबा बसायचा. मग मधलं तेल पिळून बाहेर का येत नव्हतं?"

माझ्याकडे टेबल होतं, उत्तर नव्हतं.

गंमत म्हणजे, १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर असंच वरून बसणारं बेअरिंग तपासत होते. त्यांनी माथ्याला भोक पाडलं, तर तेल वर येऊ लागलं. लाकडी खुंटी ठोकली, तर तेलानं तीही बाहेर ढकलली! १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं: फिरणारा आस तेलाला निमुळत्या फटीत ओढतो, तिथे दाब तयार होतो आणि तो दाब भार उचलतो. पुढे १९५८ मध्ये रायमोंडी आणि बॉइड यांनी हेच समीकरण कॉम्प्युटरवर सोडवून निकाल छापले. म्हणजे आपलं पवित्र टेबल हे कुणाच्या तरी प्रोग्रॅमचं आउटपुट आहे!

मग मीही प्रोग्रॅम लिहिला. पहिल्याच रनला अर्ध्या बेअरिंगमध्ये दाब निगेटिव्ह. दोन रात्री चूक शोधली. चूक नव्हतीच. रुंद होत जाणाऱ्या फटीत तेलाला ताण सोसत नाही, फिल्म तुटते. ही अट आपणच घालायची असते. नंतर वेग शून्य टाकला, तर दाबही शून्य. आजोबांना सांगितलं तर हसले. "म्हणजे गाडी उभी असताना वंगण काही उचलत नाही. कसाऱ्याहून घाट चढायचा म्हणजे १:३७ चा चढ, मागे बँकर इंजिन. वजन भारी, वेग कमी. तिथेच बेअरिंगची परीक्षा!"

काही मित्र म्हणतात, इंजिनिअरला उत्तराशी मतलब. मान्य, टेबल वाईट नाही. पण त्यात भार स्थिर धरलाय आणि तेलाची व्हिस्कॉसिटी सगळीकडे एकच. खरं तेल तापतं, पातळ होतं, फिल्म आणखी बारीक होते. ‘हॉट ॲक्सल’कडे जाणारी एक वाट हीच. टेबल कुठे लागू नाही, हे टेबल सांगत नाही; ते मॉडेल मांडणाऱ्यालाच कळतं.

आता डब्यांना रोलर बेअरिंग आहेत, म्हणून हा विषय जुना झाला असं समजू नका. इगतपुरीतच महिंद्राच्या कारखान्यात इंजिनं बनतात, आणि इंजिनाचा क्रँकशाफ्ट अशाच फिल्मवर फिरतो.

माझं म्हणणं एवढंच: टर्मवर्कच्या जुन्या फाईलवरून उतरवलेल्या एका असाइनमेंटऐवजी हा प्रोग्रॅम ठेवा. आणि ओरलला एकच प्रश्न विचारा, आजोबांचा. पेपरात मला पूर्ण मार्क मिळाले होते. त्या ओरलला मी नापास झाले असते.