बाईमाणूस म्हणून आत बसवू नका



शेतकी खात्यात एखादी मुलगी नेमली की पहिल्या दिवसापासून सगळे तिच्याशी फार चांगले वागतात. उन्हात कशाला फिरता मॅडम, ऑफिसात बसा, नोंदी उतरवा, टपाल बघा. सांगणाऱ्याच्या मनात पाप नसते. पण या खात्यात बढती मिळते ती शिवारात काढलेल्या वर्षांवर. ज्याने गट सांभाळला नाही तो गट अधिकारी होत नाही, आणि तिथवर न पोचलेला मुख्य शेतकी अधिकारी कोठून होणार? मायेने दिलेली ती खुर्ची पाच वर्षांनी तिच्या गळ्यातला धोंडा होते. मग आपणच म्हणायला मोकळे, की बाया वर येत नाहीत, त्यांना घरचं असतं.

दोन हंगामांपूर्वी आपल्या एका गटावर कृषी पदवी घेतलेली मुलगी होती. आडसाली लावणीच्या नोंदी घेताना तिने एक पद्धत धरली : आधी सरीत उतरून फुटवे बघायचे, मगच तारीख लिहायची. सप्टेंबरातली लावण जुलैची म्हणून लिहायला ती तयार होईना. लवकर तोड मिळावी म्हणून ही खोटी तारीख कशी घातली जाते, ते तुम्हांला मी काय सांगायचे! पण कोवळा ऊस आधी गाळला की उतारा घसरतो, आणि तो तोटा एकट्याचा नसतो, सगळ्या सभासदांच्या दरातून जातो. तिच्या गटात त्या साली तोडणी कार्यक्रम तारखेप्रमाणे चालला. ज्यांचा खरोखरच जुना ऊस होता आणि ज्यांच्या मागे कोणी नव्हते, त्यांना प्रथमच वेळेवर टोळी मिळाली.

तक्रारी मात्र आल्या. "साहेबांना पाठवा, बाईला काय कळतंय" असे तोंडावर म्हणणारेही निघाले. फोन झाले. वरून कोणी तरी ठामपणे सांगायला हवे होते, की तिने लिहिलेली तारीख तीच कारखान्याची तारीख. ते कोणी सांगितले नाही. गट ऑफिसला संडास नाही, म्हणून ती सकाळपासून पाणी प्यायची नाही, हे तर कोणाच्या ध्यानातही आले नसावे. शेवटी "तुमच्या सोयीसाठी" म्हणून तिला आत टेबलावर घेतले आणि चार महिन्यांत तिने राजीनामा दिला. आज ती एका ठिबक कंपनीत विभागाची प्रमुख आहे. आपल्यापैकी काहींच्या रानात संच बसवायला तिचीच माणसे येतात.

आपण को 86032 लावतो. त्यातला 'को' म्हणजे कोईमतूर. तिथे 1912 साली ऊस पैदास केंद्र निघाले, आणि 1930 नंतरच्या दशकात जानकी अम्माल नावाच्या बाई तिथे उसाचा मक्यासारख्या गवतवर्गीय पिकांशी संकर करून बघत होत्या. अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेल्या, एकट्या राहणाऱ्या. सहकाऱ्यांकडून त्यांना साथ कमी आणि जाच जास्त झाला असे त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात. त्या इंग्लंडला गेल्या. 1951 मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना वनस्पती सर्वेक्षण खात्याची घडी बसवण्यासाठी परत बोलावले, 1977 मध्ये पद्मश्री मिळाली. पण उसाचे काम सुटले ते सुटलेच. नुकसान कोणाचे झाले, बाईंचे की उसाचे? त्याच केंद्राच्या संचालक अलीकडे डॉ. जी. हेमप्रभा झाल्या. मध्ये ऐंशीच्या वर वर्षे गेली.

मी मूळचा वसई तालुक्यातल्या उमेळ्याचा. नायगाव स्टेशनवरून पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईला जाणाऱ्या बाया लहानपणी रोज बघितल्या. भाव कुठे धरायचा, कुठे सोडायचा, उधारी कोणाला द्यायची, हे त्याच ठरवत. घरातला पुरुष हिशेब विचारायला कचरायचा. त्यांना मॅनेजर कोणी म्हटले नाही एवढेच. माण तालुक्यात म्हसवडला बायांनी बँक काढायची म्हटली तेव्हा रिझर्व्ह बँकेने प्रथम नकार दिला. कारण काय, तर अर्जदार बायांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या शिकल्या, परत गेल्या, आणि म्हणाल्या, व्याजाची रक्कम सांगा, आम्ही तोंडी काढून दाखवतो. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. चेतना गाला सिन्हा पाठीशी उभ्या होत्या हे खरेच, पण त्यांनी बायांच्या वतीने हिशेब केला नाही. तो बायांनीच केला.

आधार म्हणतात तो हाच. काम काढून घेणे हा आधार नव्हे. 2017 साली प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. ती घेऊन परत आलेल्या बाईला तिचाच गट मिळतो का, की "आता लहान मूल आहे" म्हणून टेबल मिळते, हे आपल्या खात्यात विचारून बघा. संचालक मंडळात महिलांच्या दोन जागा आहेत. त्यांनी हा विषय घेतला तर मी माहिती द्यायला तयार आहे.

येत्या हंगामासाठी शेतकी खात्यात दोन मुलींचे अर्ज आले आहेत. त्यांना गटच द्यावा, दुचाकीचा भत्ता इतरांइतकाच द्यावा, आणि पहिले वर्षभर त्यांच्या नोंदीवर हरकत घ्यायची ती लेखी घ्यावी, असे मी कार्यालयाला कळविले आहे. गट ऑफिसच्या मागे मोकळी जागा आहे, पाण्याची लाइनही शेजारून गेली आहे. मोळी पडायच्या आत तिथे संडास-बाथरूम उभे राहू शकते.