पिवळ्या झेंड्यावरचा कुलचा

युरोपातल्या जुन्या सरदारांच्या ढालींवर लाल गोल असत. त्यांना ‘टॉर्टो’ म्हणतात. मूळचा हा शब्द गोल भाजलेल्या रोटीचा. सोनेरी गोलाचे नाव ‘बेझंट’, म्हणजे बायझंटियमचे नाणे. ढालीवर नाणे असणे समजू शकते. पण रोटी कशाला, असा प्रश्न देवगाव रंगारीत तरी पडायला नको. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या झेंड्याच्या अमलात शेतसारा भरला, त्यावरही रोटीच होती.

हैदराबादच्या निजामांचे आसफजाही निशाण पिवळे, मधोमध चकती. त्या चकतीला कुलचा म्हणत. कथा औरंगाबादेतलीच. चिश्ती परंपरेतले शाह निजामुद्दीन औरंगाबादी यांच्यासमोर मीर कमरुद्दीन, म्हणजे पुढे झालेला पहिला निजाम, जेवायला बसला आणि पिवळ्या फडक्यातले सात कुलचे खाऊन उठला. तुझ्या सात पिढ्या राज्य करतील, असे फकिराने सांगितले म्हणे.

पहिल्या निजामानंतर नासिरजंग, मुझफ्फरजंग आणि सलाबतजंग गादीवर बसले. त्यांना धरून राज्यकर्ते दहा होतात. पण निजाम अलीपासून उस्मान अलीपर्यंत बापामागे मुलगा अशी रांग लावली, की पहिल्यासकट पिढ्या नेमक्या सातच भरतात. भविष्य इतके चपखल उतरले, की ते सांगायला सुरुवात कधी झाली हे विचारावेच लागते. शिवाय कमर म्हणजे चंद्र. तेव्हा चकती आधी चंद्राची होती आणि कुलचा मागाहून झाला, असेही असू शकेल.

तरीही मला या कथेत खरेपण दिसते, ते गरजेचे. 1724 साली साखरखेर्ड्याला मुबारिजखानाला मारून मिळवलेल्या सत्तेला कुणाचा तरी आशीर्वाद हवा होता. तो दरबारातून नाही, फकिराच्या ताटातून घेतला गेला. झेंड्यावर रोटी आली ती अशी. त्याच राज्याने पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रयतेच्या धान्यावर लेव्ही बसवली, हे मात्र मनातून जात नाही.

दर 17 सप्टेंबरला आपण 1948 साली ते निशाण उतरल्याची गोष्ट मुलांना सांगतो. ते उभे कसे राहिले, हेही सांगायला हवे. त्यासाठी हैदराबादला जायची गरज नाही. पहिला निजाम बुऱ्हाणपूरला वारला, पण त्याची कबर आपल्या खुलताबादेत, बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. देवगावच्या शिक्षकांनी यंदा वर्ग तिथेच भरवावा.